आग्यावेताळ

परवा नातीनं मला फोनवर विचारलं, "आजोबा, ॲग्रेसिव्हला मराठीत काय म्हणतात?"

नात पुण्याला असते. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीचे तास तिला असतात आणि त्या तासांचा गृहपाठ मला असतो. मी तत्परतेनं सांगितलं, "आक्रमक."

"ते नको. ते पुस्तकात आहे. रोज बोलताना काय म्हणतात ते सांगा."

प्रश्न बिनतोड होता. 'आक्रमक' हा शब्द मी आयुष्यात कुणाला तोंडानं म्हटल्याचं आठवत नाही. तो फक्त छापून येतो. वर्तमानपत्र उघडावं तर विरोधक आक्रमक, सत्ताधारी आक्रमक, दूध उत्पादक आक्रमक, सलामीचा फलंदाज आक्रमक, आणि आतल्या पानावर कुठल्याशा शिवारात आलेला बिबट्याही आक्रमक. ज्या शब्दात दूध उत्पादक आणि बिबट्या शेजारी शेजारी बसतात, त्या शब्दानं माणूस कसा ओळखावा?

"म्हणजे बघा," नात म्हणाली, "जो उगाचच अंगावर येतो ना, काही विचारलं तरी ओरडतो, तो."

"आग्यावेताळ!" माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

पलीकडे जरा शांतता. मग आवाज आला, "हळू सांगा. लिहून घेते."

तिनं लिहून घेतलं, शाळेत नेऊन दाखवलं, आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून 'प्रमाण शब्द लिहावा' असा शेरा मारला. मला वाईट वाटलं. वाटलं, शाळेत फोन करावा आणि विचारावं, बाई, प्रमाण म्हणजे काय हो? पण मी फोन केला नाही. कारण मी आग्यावेताळ नाही. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्यांचं ऐकून घेण्यात गेली. तिथं उरलासुरला जाळ विझून जातो. पण आग्यावेताळ मी जवळून पाहिला आहे. लहानपणी त्याच्याच ताटाला ताट लावून जेवलो आहे.

तर हा शब्द.

वेताळ म्हणजे भुतांचा राजा, हे कुणालाही ठाऊक आहे. गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेला दगड असतो, त्याला वेताळबाबा म्हणतात. अमावास्येच्या रात्री त्याची स्वारी मशाली घेऊन निघते, असं जुनी माणसं सांगत. त्यातला आग्या तो, ज्याच्या तोंडातून आगीचे लोळ निघतात. इथपर्यंत ठीक. पण मला लहानपणापासून एक कोडं पडलेलं आहे. आमची वेताळाशी ओळख झाली ती 'चांदोबा'तून. तिथला वेताळ किती सभ्य! राजाच्या खांद्यावर लोंबकळतो, प्रवासाचा शीण जाणवू नये म्हणून गोष्ट सांगतो, शेवटी एक अवघड प्रश्न विचारतो. पंचविसांतल्या एकाही गोष्टीत त्यानं आवाज चढवलेला नाही. असल्या गोष्टीवेल्हाळ भुताच्या पोटात आग कुणी भरली?

बहुधा आमच्या काकांसारख्या कुणाला तरी पाहून भरली असावी.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घर अंबाजोगाईचं, योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीतलं. हे गाव मोठं नामांकित. मराठीतला आद्यकवी मुकुंदराज इथला. त्यानं 'विवेकसिंधु' लिहिला शके १११०त, म्हणजे सन ११८८त. सव्वाआठशे वर्षांपूर्वी गावात विवेकाचा सिंधु वाहिला, पण त्याचा एक थेंब आमच्या वाड्यात शिरला असेल तर शपथ. काका दारातून आत यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी जुंपलेली असायची. ती ऐकून आई चुलीजवळून म्हणायची, "चहा टाका गं. भावजी आले."

'आग्यावेताळ' हे नाव त्यांना आईनंच दिलं. वहिनीचा तो हक्क असतो. मात्र हा शब्द वापरायचे काही नियम आहेत, आणि ते कुठल्या व्याकरणात दिलेले नाहीत. पहिला म्हणजे तो तोंडावर म्हणायचा नसतो. 'तू आग्यावेताळ आहेस' असं वाक्य मराठीत होत नाही. ते नेहमी तिसऱ्याला सांगायचं, माणूस वळणावरून दिसेनासा झाल्यावर, आणि आवाज खाली आणून. शिवाय शब्द एकटा येत नाही, 'नुसता' किंवा 'अगदी' बरोबर घेऊन येतो. 'नुसता आग्यावेताळ आहे हो!' यातल्या त्या 'हो'मध्ये तक्रार कमी आणि कौतुक जास्त असतं. आपल्या घरच्या सांडानं शेजाऱ्याचं कुंपण मोडलं म्हणजे आपण ज्या सुरात दिलगिरी व्यक्त करतो, तोच सूर.

आणि याला अनेकवचन नाही. एका घरात दोन आग्यावेताळ नांदू शकत नाहीत. दुसरा आपोआप माझ्यासारखा होतो.

याला स्त्रीलिंगही नाही, ही गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. बाई रागीट असली की तिच्यासाठी भाषेनं वेगळं कपाट ठेवलेलं आहे: कजाग, खाष्ट, कैदाशीण, कडकलक्ष्मी, जहांबाज. यांतल्या एकाही शब्दानंतर ते कौतुकाचं 'हो' लावून बघा. लागत नाही. पुरुषाच्या रागाला भुतांच्या राजाची पदवी, आणि बाईच्या रागाला शिवी. काका घरभर गरजायचे तेव्हा आम्ही पोरं दाराआडून हसायचो. काकू एकदाच, आयुष्यात एकदाच, त्यांच्यावर ओरडल्या होत्या, तर अर्ध्या तासात गल्लीत "काय बाई कजाग!" झालं होतं. काकूंचं ओरडणं जेमतेम दीड वाक्याचं होतं.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर याच भाऊबंदकीतल्या आणखी दोघांना भेटून घेऊ. एक तिरशिंगराव. हा शब्द मला अतिशय आवडतो. शिंगं तिरपी असलेला बैल जवळून जाणाऱ्याला उगाचच हुसकावतो, म्हणून तो तिरशिंग्या. पण मराठी माणूस शिष्टाचार विसरत नाही. माणसाला तिरशिंग म्हणायचं तर पुढं 'राव' लावलाच पाहिजे. तिरशिंगराव मात्र आग्यावेताळाहून वेगळा. तो ओरडत नाही, वाकडं बोलतो. तुम्ही "बरं आहे ना?" विचारलं की तो "बरं नसायला काय झालं?" म्हणतो. आमच्या बाजूचा शेतकरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायच्या आधी बैल घ्यायला बाजारात जातो तेव्हा दात, खूर, खांदा पाहतो आणि शिंगंही पाहतो. चार-सहा महिने त्याच बैलाच्या जिवावर कारखान्याच्या तळावर काढायचे असतात. मुलगी देतानाही एवढं पाहत नाहीत, नाहीतर कित्येक तिरशिंगराव बिनलग्नाचे राहिले असते.

दुसरा मुजोर. याची फोड मला खुद्द काकांनी सांगितली होती. काकांचं शिक्षण निजामाच्या राज्यात झालेलं. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि शाळेत उर्दू असे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली आणि काका मराठी शाळेत मास्तर झाले. म्हणजे शिकले उर्दूत, शिकवलं मराठीत, आणि रागावले दोन्हींत. साधा राग मराठीत असायचा. तो एका विशिष्ट अंशाच्या वर गेला की काका उर्दूत शिरत, आणि मग 'नामाकूल', 'बदतमीज' असे शब्द इतक्या नजाकतीनं येत की ज्याला पडायचे तोही क्षणभर दाद देई. तर काका म्हणायचे, "मुजोर म्हणजे मुंहजोर. घोड्याच्या तोंडात लगाम असतो ना? तो लगाम न जुमानता तोंडाच्या जोरावर जो पळतो तो मुंहजोर. आधी घोडा, मग माणूस." मी विचारलं होतं, "मग तुम्ही मुजोर का?" त्यावर काका म्हणाले, "मी मास्तर आहे. मुजोर व्हायला खुर्ची लागते."

हे त्यांनी फार बरोबर सांगितलं होतं. मुजोराच्या मागं काहीतरी असतं: खुर्ची, पैसा, चार माणसं. आग्यावेताळाच्या मागं कुणी नसतं. म्हणून हा शब्द वाटेल तिथं वापरलेला मला खपत नाही. डिसेंबर २०२४मध्ये आमच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचं अपहरण करून खून झाला आणि पुढं कितीतरी महिने बीड जिल्हा रोज बातम्यांत होता. तेव्हापासून पुण्यात कुणाला "मी बीडकडचा" म्हटलं की समोरचा अर्धं पाऊल मागं सरकतो. माझी अंगलट पाहूनही सरकतो, यावरून त्या भीतीची कल्पना यावी. एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्याकडं सगळे आग्यावेताळच, नाही का हो?" मी म्हटलं, नाही. ते दुसरं काहीतरी आहे, त्याला दुसरे शब्द आहेत आणि कायद्यात कलमं आहेत. आग्यावेताळ एकटा असतो, दिवसाढवळ्या ओरडतो, स्वतःच्या नावानिशी ओरडतो आणि चहा येईपर्यंत विझतो.

काकांचं विझणं पाहण्यासारखं असे, पण पेटणं त्याहून. त्याची एक खूण होती. काकांना जाड भिंगांचा चष्मा होता. ते चष्मा काढून, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले की आसपासची माणसं समजून जात. शाळेत त्यांनी खिशाकडं हात नेला की शेवटच्या बाकापर्यंत सगळे बेरीज करायला लागत. एस.टी.च्या कंडक्टरनं सुटे पैसे परत न देता घंटी मारली, चष्मा खिशात. दूधवाल्याच्या दुधात पावसाळा आधी आला, चष्मा खिशात. रेडिओवर बातम्या देणारा निवेदक 'बीड'चा उच्चार 'भीर' करतो असा त्यांना संशय आला, तेव्हा रेडिओसमोरही त्यांनी चष्मा काढला होता. रेडिओनं उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. अर्ज हे त्यांचं दुसरं हत्यार. आमच्याच गावच्या दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला. लांबरुंद कापडच्या कापड अक्षरांनी भरून काढलं. काकांचे अर्ज त्याच परंपरेतले. लिफाफ्यात मावत नसत.

घरी काका पेटले की काय करायचं, याचा आईचा एक ठराव होता. ती आम्हाला सांगायची, "विक्रमराजाची गोष्ट माहीत आहे ना? राजा बोलला की वेताळ काय करतो?"

"झाडावर जातो."

"मग? भावजी बोलतील तेवढं बोलू द्यायचं. तुम्ही एक शब्द बोललात की सगळं पहिल्यापासून."

आम्ही गप्प बसायचो. दहा-पंधरा मिनिटांत वेताळ आपला आपण खांद्यावरून उतरायचा, चष्मा डोळ्यांवर जायचा, आणि काका इकडंतिकडं बघून विचारायचे, "पोरं जेवली का?"

या स्वभावाची किंमत त्यांनी नोकरीत भरली. आग्या मोहोळाची माशी माणसाला डंख मारते तेव्हा तिची नांगी कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. काका मरत नसत, त्यांची बदली होई. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मुलांसमोर एका म्हाताऱ्या शिपायाला अरेतुरे केलं, काकांनी चष्मा काढला, बदली आष्टीला. पुढं पाटोदा, गेवराई, धारूर, माजलगाव. बीड जिल्ह्याचा नकाशा मी काकांच्या बदल्यांवरून पाठ केला. परीक्षेत जिल्ह्यातले तालुके विचारले तेव्हा मी ते वर्णानुक्रमे न लिहिता कालानुक्रमे लिहिले होते. प्रत्येक बदलीच्या वेळी काकू मुकाट्यानं डबे बांधायच्या. लोणच्याची बरणी त्या स्वतःच्या मांडीवर घेऊन एस.टी.त बसत. पाच बदल्यांत ती बरणी फुटली नाही.

पण या माणसाचा गावाला उपयोगही होता. लोक त्यांना न्यायला यायचे. शेजारी जशी शिडी मागायला यावा तसा कुणीतरी सकाळी दारात उभा राहायचा. "गुरुजी, जरा चला की वो तहसीलीत. चार चकरा झाल्या." काका पायांत वहाणा घालायचे. तिथं जाऊन बोलायचंच असं काही नसे. कित्येकदा नुसते जाऊन उभे राहत आणि चष्म्याच्या दांडीला हात लावत. सातबारा निघत असे.

१९७२च्या दुष्काळातली गोष्ट सांगतो. मी चौदा वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्याकडच्या विहिरींत बघितलं तर तळाचे दगड दिसत. शेतकरी, शेतमजूर, कालपर्यंत दुसऱ्याला धान्य मोजून देणारी माणसं, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळे. खायला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना अडायची, पण तीही मिळण्यासाठी रेशनच्या दुकानापुढं रांग असायची. मीही पिशवी घेऊन उभा होतो. माझ्या पुढं कामावरून आलेल्या बायका, अंगावर दगडाची पांढरी भुकटी. दुकानदारानं दोन-तीन कार्डांवर माल दिला आणि फळी ओढून घेत म्हणाला, "संपला. सोमवारी या."

मागं पोती दिसत होती. अगदी उघड दिसत होती. झाकायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. रांगेतलं कुणी बोललं नाही. एक म्हातारी नुसती "व्हय का?" म्हणाली आणि खाली बसली. सोमवार चार दिवसांवर होता.

मी पळत घरी गेलो. काका सुट्टीला आलेले होते. मी फक्त "पोती आहेत" एवढंच म्हटलं असेन. काका उघड्या अंगावर उपरणं टाकून निघाले. सदरा नव्हता, म्हणजे खिसा नव्हता. दुकानासमोर जाऊन त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, आणि ठेवायला जागा नाही असं दिसल्यावर माझ्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं त्या दुकानदाराचं काय झालं ते मी सगळं लिहू शकत नाही. सुरुवातच उर्दूत झाली, मराठी टप्पा त्यांनी त्या दिवशी गाळला. एका वाक्यात त्यांनी दुकानदाराचा काटा, त्याचं माप, त्याची दानत आणि त्याचे तीर्थरूप यांना गुंफलं होतं. गर्दी जमली. फळी उघडली. त्या रांगेतल्या प्रत्येक कार्डावर माल मिळाला, आणि शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत धान्य पडेपर्यंत काका तसेच उन्हात, उघड्या डोक्यानं, बारीक डोळे करून उभे होते. मी दोन्ही हातांत तो चष्मा धरला होता. देवाची मूर्ती मिरवणुकीत धरायला मिळावी तसा धरला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर मी फुशारून काकूंना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "काकू, काका म्हणजे अगदी आग्यावेताळ!" मला वाटलं, काकू खूश होतील. त्या मिलोचं पीठ चाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमचा वेताळ संध्याकाळी झाडावर जातो, बाबा. आमचा घरी जेवायला येतो."

मी हसलो. मला तो विनोद वाटला. त्याचा दुसरा अर्धा भाग कळायला मला बरीच वर्षं आणि एक लग्न लागलं. काकूंनी तो शब्द कधीही वापरला नाही. काका त्या दिवशी जेवायला बसले तेव्हा भाकरी तुटली म्हणून ताट सरकवून उठले होते. तेही मी पाहिलं होतं, पण गल्लीत सांगताना ते वगळून सांगितलं.

२००६ साली काकू गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. आम्हाला वाटलं होतं, डॉक्टरांपासून गुरुजींपर्यंत सगळ्यांवर जाळ निघेल. काहीच निघालं नाही. दहाव्याला भटजी तासभर उशिरा आले, आणि आम्ही सगळे काकांच्या चष्म्याकडं बघत होतो. चष्मा जागेवर होता. नंतर दूधवाला बदलला, नव्यानं उघड उघड पाणी घातलं, काकांनी दूध न बोलता प्यायलं. आई तेव्हा ऐंशीची होती, खाटेवरूनच सगळं बघायची. एक दिवस मला म्हणाली, "भावजींना एकदा डॉक्टरकडं दाखव. दोन वर्षं झाली, घरात आवाज नाही."

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ब्लडप्रेशर झकास आहे. हे ऐकून आईला जास्तच काळजी वाटली.

२००८च्या नोव्हेंबरात मी काकांना घेऊन एका बँकेत गेलो. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, असं लेखी कळवायचं. एरवी हा काकांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. "समोर उभा आहे तो कोण दिसतो तुम्हाला? मुर्दा?" हे वाक्य त्या शाखेत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं. त्या दिवशी खिडकीत एक नवा पोरगा होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "फॉर्म संपलेत. उद्या या."

काका म्हणाले, "बरं." आणि वळले.

त्या 'बरं'नं माझ्या पोटात खड्डा पडला. पस्तीस वर्षांतली बरीचशी मीही 'उद्या या' म्हणण्यात घालवली होती, तेव्हा फॉर्म कुठं असतात हे मला ठाऊक होतं. ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात आणि वाकायचा कंटाळा येतो. मी काकांना बाकावर बसवलं आणि खिडकीशी परत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून अंगावर जाणार होतो. छातीत हवा भरली. तोंड उघडलं. आणि काय सांगू, आवाज जो निघाला तो सनईवाल्याच्या पहिल्या फुंकरीसारखा. "हे... हे बरोबर नाही हं! म्हणजे, अगदीच बरोबर नाही!"

पोरानं मान वर केली. घाबरला होता, पण माझ्यासाठी. "काका, पाणी देऊ का? खाली बसा आधी."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. पोरगा स्वतः उठला, खालच्या कप्प्यातून फॉर्म काढला, भरून दिला आणि मला पाण्याचा ग्लासही आणून दिला. काम झालं होतं. पण दयेनं झालं होतं, आणि आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पायऱ्या उतरताना काका म्हणाले, "चष्मा काढला नाहीस."

"काय?"

"भांडायच्या आधी चष्मा काढायचा. समोरच्याचं तोंड दिसलं की संपलं. लहान पोरगं होतं ते, घाबरलेलं. तुला दिसलं ना? मग कसा आवाज निघंल?" ते दोन पायऱ्या थांबून थांबून उतरले. "मला कधी कुणाचं दिसलंच नाही. तुमच्या काकूचंसुद्धा नाही. घरी आलो की चष्मा कोनाड्यात ठेवायचो."

मला काय बोलावं सुचेना. आईचा ठराव आठवला, आणि मी गप्प राहिलो.

रिक्षात काका बाहेर बघत बसले होते. वाड्यापाशी उतरलो. मी खिशात हात घातला तेवढ्यात रिक्षावाला म्हणाला, "चाळीस द्या."

जाताना आम्ही पंधरा दिले होते. मी चाळीस मोजायला लागलो. काकांनी माझा हात धरला. रिक्षावाल्याकडं नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत, चांगला धडधाकट गडी होता तो, मिशीवाला. मग काकांचा हात हळूहळू चष्म्याच्या दांडीकडं गेला. त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, आणि सदऱ्याला खिसा होता तरी तो माझ्या हातात दिला.

पहिला शब्द 'नामाकूल' होता.

वाड्याची खिडकी उघडी होती. आतून आईचा आवाज आला, म्हातारा, पण खणखणीत. "चहा टाका गं. भावजी आले."